चामड्याच्या मुठीच्या सुरीवर पुन्हा पुन्हा येणारा हिरवा कळक

सुरी ऑक्टोबरात साफ केली, पितळ लख्ख झालं, म्यानात घालून कपाटात ठेवली. फेब्रुवारीत काढली तर गार्ड (पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पितळी पट्टी) आणि मुठीच्या सांध्यात पुन्हा तीच हिरवी रेघ, म्हणजे पितळावरचा कळक. परत साफ केली, जूनमध्ये परत आली. जुन्या अमेरिकन शिकारी सुऱ्या जमवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. मी न्यू जर्सीत राहतो, आसपासच्या मराठी मंडळींत हा छंद असलेले चार-पाच जण आहेत, आणि त्यांचे मला येणारे फोन बहुतेक याच तक्रारीचे असतात. "दादा, तुम्ही सांगितलं तसं घासलं, पण परत आलंच हो."

ते परत येतं, कारण आपण पितळ साफ करतो आणि चामडं तसंच सोडतो. दुखणं हाल्याला आणि डाग पखालीला अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे उलट झालंय, दुखणं खरोखर पखालीलाच आहे. हिरवा रंग धातूवर दिसतो, पण त्याला खाऊ घालणारं तेल चामड्यात मुरलेलं असतं. ते तिथून निघेपर्यंत आणि सुरी म्यानाबाहेर राहायला लागेपर्यंत पितळ कितीही घासा, चार महिन्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच असाल.

या सुऱ्यांची घडणच तशी आहे. मिशिगनमधल्या ग्लॅडस्टोनची मार्बल्स, पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची केस, न्यूयॉर्क राज्यातल्या ओलिअनची युनियन कटलरी, म्हणजे पुढची का-बार, कोलोरॅडोतल्या बोल्डरची वेस्टर्न. या सगळ्या कंपन्यांनी विसाव्या शतकात एकाच प्रकारची मूठ लाखोंनी वापरली. पात्याचा जो निमुळता भाग मुठीत जातो, त्या टँगवर चामड्याच्या गोल चकत्या एकावर एक ओवायच्या, दाबून घट्ट करायच्या, पुढे गार्ड, मागे धातूची टोपी. हात रक्ताने किंवा पावसाने ओला असला तरी ही मूठ निसटत नाही, थंडीत बोटांना बोचत नाही. पण गार्डची मागची बाजू पहिल्या चकतीला साठ-सत्तर वर्षं चिकटून राहते, आणि म्यानात गेली की पुढची बाजूही चामड्यालाच टेकते.

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, हे आपल्या घरांत कुणाला सांगावं लागत नाही. ताकातलं आम्ल पितळातलं तांबं ओढून घेतं. सुरीवर घडतं ते याच जातीचं आहे, फक्त आम्ल ताकाचं नसून चरबीचं आहे. चामडं मऊ राहावं म्हणून ते कमावतानाच त्यात तेल-चरबी मुरवतात. पुढे प्रत्येक मालक आपापल्या परीने तेल चोळत राहतो. वर्षं जातात तशी ती चरबी फुटते, तिच्यातून मेदाम्लं सुटतात, ती पितळातल्या तांब्याला धरतात आणि एक प्रकारचा साबण तयार होतो. तांब्याचा साबण. म्हणूनच हा हिरवा थर नखाने खरवडला तर मेणासारखा वळून येतो.

पण सगळं हिरवं एकाच जातीचं नसतं, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. काही करण्याआधी दात कोरायची लाकडी काडी घ्या, सांध्यातून हलकेच फिरवा आणि टोक पांढऱ्या कागदावर पुसा. गडद हिरवा, चिकट, तेलकट डाग पडला आणि त्याच्याभोवती कागद थोडा पारदर्शक झाला, तर ते मेदाम्लाचं काम. फिकट, निळसर, कोरडी भुकटी झडली, तर ते क्षाराचं काम, म्हणजे घाम, रक्त किंवा मीठ. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. टोपी अ‍ॅल्युमिनियमची असेल आणि तिथे पांढरी भुकटी दिसत असेल तर तो ओलाव्याचा परिणाम, त्याचा तांब्याशी संबंध नाही. पात्याच्या मुळाशी कापसाची काडी फिरवल्यावर ती लाल-तपकिरी झाली तर गंज अजून जिवंत आहे. काडी स्वच्छ आली आणि पातं नुसतं राखाडी किंवा काळपट दिसत असेल, तर त्याला हात लावू नका. ती कार्बन स्टीलची वयानुसार आलेली कांती आहे आणि जाणकार ग्राहक तिचे पैसे देतो.

भुकटीवाला कळक मी स्वतःच्या हाताने तयार केलेला आहे, म्हणून त्याबद्दल ठामपणे सांगू शकतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या बाजारातून केसची पाच इंची पात्याची सुरी आणली होती. चामड्याची मूठ, पितळी गार्ड, आणि गार्डच्या खालच्या कडेला मोहरीच्या दाण्याएवढे हिरवे गोळे. लहानपणापासून हाताला जी सवय होती तीच कामाला आली: चिंच आणि मीठ. दोन मिनिटांत गार्ड देवघरातल्या समईसारखा चमकायला लागला. तीन आठवड्यांनी त्याच गार्डवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके उठले, पुसले की दुसऱ्या आठवड्यात त्याच जागी परत. मिठातला क्लोराइड पितळाच्या बारीक छिद्रांत आणि सांध्यात शिरून बसला होता. हवेत ओलावा आला की तो पुन्हा कामाला लागत होता. समई आपण नंतर भरपूर पाण्याने धुतो, म्हणून तिथे हे होत नाही. चामड्याची मूठ नळाखाली धरता येत नाही. तेव्हा चिंच, लिंबू, मीठ, व्हिनेगर, कोकमाची सालं, यातलं काहीही या सुऱ्यांना लावू नका.

अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिशही नको. याला एक जुना आणि आपल्याच मातीतला पुरावा आहे. ब्रिटिश सैन्याच्या पितळी काडतुसांची टरफलं भारतात पावसाळ्यात आपोआप तडकत असत. ती तबेल्यांमध्ये साठवलेली असत, घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे, आणि ओढून-दाबून घडवलेल्या पितळात जो आतला ताण शिल्लक असतो त्या ताणाच्या जागी तो अमोनिया चीर पाडे. पावसाळ्याशी संबंध म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं, कारणाचा उलगडा १९२१ मध्ये झाला. सुरीच्या टोपीतून आरपार ठोकून बसवलेल्या पितळी पिनेतही असा ताण असू शकतो. शिवाय ते पॉलिश चामड्याच्या सांध्यात जाऊन पांढरं सुकतं आणि कधीच निघत नाही.

साफसफाईला बसण्याआधी कंपनीचा ठसा वाचून घ्या आणि फोटो काढा. ठसा बहुतेक वेळा पात्याच्या मुळाशी, गार्डला लागून असतो, आणि हिरवं मेण नेमकं त्या अक्षरांत भरतं. घाईने पॉलिशचं चाक लावलं की मेणाबरोबर अक्षरंही जातात. संध्याकाळी खोलीतला दिवा घालवून टॉर्च अगदी तिरपी धरा. सपाट दिसणाऱ्या पात्यावर एकेक अक्षर सावलीसारखं उठून येतं.

ठसा कळला की काळ कळतो, आणि काळावरून धातूचा अंदाज येतो. 'एम.एस.ए.' म्हणजे मार्बल सेफ्टी अ‍ॅक्स. त्यांच्या वुडक्राफ्ट नावाच्या सुरीवर १९१६ चं पेटंट कोरलेलं असतं. बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टनने सुऱ्यांचा धंदा १९४० मध्ये पाल कंपनीला विकला, म्हणून 'आरएच'ने सुरू होणाऱ्या क्रमांकांचे तेच नमुने दोन्ही नावांखाली सापडतात. युनियन कटलरीने का-बार हे नाव कंपनीला १९५२ मध्ये दिलं. वेस्टर्नच्या ठशाजवळ एखादं सुटं इंग्रजी अक्षर असेल तर ती १९७७ किंवा त्यानंतरची: ए म्हणजे १९७७, बी म्हणजे १९७८, असं पुढे. केसच्या खिशातल्या चाकूंवर १९७० पासून दहा ठिपके देऊन दर वर्षी एक कमी करत गेले, ती मोजणी मात्र म्यानातल्या सुरीला लावून तारीख ठरवू नका.

धातूची खात्री चुंबकाने करा. दुसऱ्या महायुद्धात तांबं दारूगोळ्याला लागत होतं. १९४३ चा अमेरिकन सेंटसुद्धा जस्त चढवलेल्या पोलादाचा आहे. त्या वर्षांतल्या लष्करी सुऱ्यांचे गार्ड बहुतेक पोलादी असतात. अशा सुरीवर चुंबक चिकटत असूनही हिरवं दिसलं, तर ते म्यानाच्या रिव्हेटांवरून आलेलं आहे. तेव्हा सुरीकडे नाही, म्यानाकडे बघायचं. आणि गार्ड पांढरा आहे पण चुंबक चिकटत नाही, हिरवं मात्र आहे? तो जर्मन सिल्व्हरचा असणार. आपल्या घरांत त्याची ताटं-वाट्या असायच्या. नावात चांदी असली तरी आत चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि त्यातही तांबंच निम्म्याहून जास्त. म्हणून तोही कळकतो.

आता प्रत्यक्ष काम. मेणासारख्या हिरव्यासाठी लागतात बांबूच्या काड्या, जुना मऊ टूथब्रश, कापसाच्या काड्या आणि थोडं मिनरल स्पिरिट. पुण्या-मुंबईत रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं, ते चालतं. खिडकी उघडी हवी, जवळ गॅस किंवा निरांजन नको. बांबूची काडी ब्लेडने छिन्नीसारखी तासून घ्या आणि कोरड्यानेच सुरुवात करा. सत्तर-ऐंशी टक्के थर असाच निघतो. सांध्यात काडी गार्डला समांतर सरकवायची, चामड्याकडे टोचायची नाही. तिथे चकतीची कड सुटली की तोच पुढच्या कळकाचा कप्पा होतो. मग कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून, कागदावर टिपून, अर्धी कोरडी झाल्यावर धातूवरून फिरवा. काडी हिरवी झाली की टाका, नवी घ्या. तीच काडी परत वापरली तर हिरवं आपण चामड्यातच पुसतो. स्पिरिट ओघळू देऊ नका, चामडं कोरडं पडून आक्रसतं. लोखंडी सुई, कटरचं पातं, वायर ब्रश यांतलं काहीही पितळावर नको. एक ओरखडा शंभर वर्षं दिसतो.

इथवर बहुतेक जण करतात आणि थांबतात. खरं काम याच्या पुढचं आहे.

चामड्यातली चरबी ओढून काढायला मला सगळ्यात भरवशाची वाटली ती आपली मुलतानी माती. जुनं चामडं जपणारे जाणकारही तेलाच्या डागांवर याच जातीची माती वापरतात. सुगंध नसलेली, साधी, पूर्ण कोरडी पूड घ्या. उन्हात किंवा मंद तव्यावर तापवून तिचा ओलावा घालवा, पण लावताना ती कोमट किंवा गार हवी. गार्डलगतच्या दोन-तीन चकत्यांवर आणि टोपीलगतच्या चकत्यांवर जाड थर द्या, वरून साध्या सुती फडक्याची पट्टी सैलसर गुंडाळा, दोन दिवस ठेवा. पाणी घालून लेप करू नका, चामडं काळं पडेल. दोन दिवसांनी मऊ ब्रशने झटका. पहिल्या खेपेला पांढुरकी माती पिवळसर, तेलकट होऊन गोळ्यांनी निघते. तो रंग बघितला की चामड्यात किती तेल होतं याचा अंदाज येतो. माझ्या केसच्या सुरीला असे चार हात लागले, प्रत्येक वेळी मध्ये दोन आठवडे सोडून. ते दोन आठवडे महत्त्वाचे आहेत, कारण आतलं तेल हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत असतं. घाईने चार दिवसांत चार हात दिले तर वरवरचं तेल जातं आणि आतलं महिनाभराने सांध्यात हजर होतं. मुलतानी माती मिळाली नाही तर कॉर्नस्टार्च चालतं, पण ते सांध्यात अडकलं तर नीट काढायला हवं.

त्या सुरीत एवढं तेल आलं कुठून, तर थोडं मीच घातलं होतं. मूठ कोरडी वाटली म्हणून गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात ते नीट्सफूट तेल मी तिला दोनदा भरपूर पाजलं होतं. चामड्याच्या वस्तूंसाठी ते सगळीकडे शिफारस करून विकतात, आणि घोड्याच्या खोगिराला ते योग्यही आहे. पितळाला चिकटून बसलेल्या चकत्यांना नाही. चकत्या फुगतात, मऊ होतात, मूठ हातात दबते, आणि कळकाला पुढच्या दहा वर्षांची शिदोरी मिळते. एरंडेल, खोबरेल, तीळ तेल यांनाही हेच लागू. मूठ अगदीच रुक्ष दिसत असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा बोटाच्या टोकाएवढा थर लावा. या कामाला रेनेसान्स वॅक्स प्रसिद्ध आहे, ते ब्रिटिश म्युझियममधल्या कामातून तयार झालेलं आहे. तेच मेण पितळी गार्डवर आणि पात्यावर दोनदा, पातळ, मधे वाळू देऊन लावा. गार्डची मूठ-बाजू कापसाने पोचेल तितकी मेणवून घ्या. कल्हईने जे भांड्यात साधतं ते इथे मेणाने साधायचं: आम्ल आणि तांबं यांच्यात आड काहीतरी हवं.

भुकटीवाल्या कळकावर स्पिरिटचा काही परिणाम होत नाही. तिथे डिस्टिल्ड वॉटर लागतं. बांबूच्या काडीने भुकटी झाडा, कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्याने नुसती दमट करून ठिपक्यावर धरा, लगेच कोरड्या कापसाने टिपा. हे आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी नवा कापूस. मग सुरी पंख्याखाली दिवसभर ठेवा आणि मगच मेण. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते नको. एका खेपेत जात नाही, मला तीन महिने लागले. या जातीच्या कळकाला ओलाव्याशिवाय हालचाल करता येत नाही, त्यामुळे कोरडी जागा हाच त्याचा अर्धा उपाय.

ठेवण्याच्या जागेबद्दल मी कुणाचंच ऐकून घेत नाही. सुरी म्यानात ठेवायची नाही. एक रात्रही नाही म्हटलं तरी चालेल. म्यानाचं चामडं हवेतला ओलावा पिऊन धरून ठेवतं, कमावतानाची रसायनं त्यात शिल्लक असतात, आणि पितळ व पातं दोन्ही त्याला टेकलेले. म्यान फेकूनही द्यायचं नाही. मूळ म्यान असेल तर किमतीत मोठा फरक पडतो. माझ्याकडे प्रत्येक जोडीला एक क्रमांक आहे, जाड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सुती दोऱ्याने दोघांनाही बांधलेला. सुऱ्या वरच्या खणात आडव्या, आम्लरहित कागदावर, मेण लावून. म्यानं खालच्या खणात, आत चुरगळलेला तसाच कागद भरून, म्हणजे आकार राहतो. म्यानाच्या रिव्हेटांचा कळकही काडीने काढून त्यांना मेण लावलेलं आहे. कुणाला दाखवण्यासाठी सुरी म्यानात घालायचीच असेल तर पात्याभोवती आणि गार्डखाली पॉलिएस्टर फिल्मची पट्टी घ्या, आणि पाहुणे गेले की बाहेर काढा.

इकडच्या घरांतलं बेसमेंट हा मोठा शत्रू आहे. बाहेर जुलैचं दमट ऊन, खाली थंड भिंती, आणि आर्द्रता सहज सत्तरच्या वर. आर्द्रतामापक दहा-पंधरा डॉलरला मिळतो, तो खणात ठेवा. आकडा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान हवा. फार खाली गेला तर चकत्या आक्रसून सैल होतात. कोकणात किंवा मुंबईत कुणी अशी सुरी सांभाळत असेल तर जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी आणि पुड्या पंधरा दिवसांनी तापवून परत घालाव्यात.

एवढं सगळं करूनही परत येत असेल तर शेजाऱ्यांकडे बघा. मागच्या वर्षी एका स्नेह्याच्या पेटीतल्या सहा सुऱ्या एकदम बिघडल्या. पात्यांवर ताजा गंज, गार्ड हिरवे, आणि पेटी उघडली की नाकाला झोंबणारा वास. मधोमध एक जुना घडीचा चाकू होता, सेल्युलॉइडच्या सुंदर, पिवळसर, मोत्यासारख्या चकाकीच्या मुठीचा. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. ते म्हातारं झालं की त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात आणि बंद पेटीतला प्रत्येक धातू खातात. मुठीला बारीक तडे, कडा चुरचुरीत, आणि नेमक्या त्याच चाकूच्या पात्यावर सगळ्यात जास्त गंज, या तीन खुणा दिसल्या की तो त्याच क्षणी वेगळा करा, हवेशीर, थंड जागी, दिवा-शेगडीपासून लांब. ते झटकन पेट घेतं. ओक लाकडाची पेटीही बदला. ओकमधून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ येत राहते, आणि ओक दिसायला देखणा असल्यामुळे नेमक्या सुऱ्यांच्या पेट्या त्याच्याच बनवतात. पेटीतला फोमही काढा.

चकत्या सैल झालेल्या असतील, मूठ हातात फिरत असेल, तर भेगेतला कळक काढून, माती देऊन, तशीच ठेवा. भेग भरायला गोंद किंवा इपॉक्सी ओतू नका. पुढे कुणाला ती मूठ नीट उघडून बसवायची असेल तर त्याचा रस्ता बंद होतो.

नंतरची तपासणी सोपी आहे. पहिल्या वर्षी दर दोन महिन्यांनी, मग वर्षातून दोनदा, लाकडी काडी सांध्यातून फिरवून कागदावर पुसायची. तेलकट हिरवं दिसलं तर मातीचा आणखी एक हात, भुकटी दिसली तर डिस्टिल्ड पाणी. माझ्या केसच्या सुरीच्या चिठ्ठीवर मी मागच्या बाजूला तारखा लिहीत आलो आहे. पहिल्या पाच तारखांपुढे 'हिरवं' लिहिलंय, सहाव्यापुढे 'किंचित', आणि त्यानंतरच्या सातही तारखांपुढे 'कोरडं'.